अमेरिकेतलं स्कूल डिस्ट्रिक्ट आणि एडटेक व्हेंडर: नव्याने आलेल्यांनी कामाला सुरुवात कशी करायची

तुम्ही एखाद्या एडटेक (शिक्षणासाठीचं तंत्रज्ञान विकणाऱ्या) कंपनीत इम्प्लिमेंटेशन, कस्टमर सक्सेस किंवा सेल्सला नवीन लागला असाल, किंवा उलट बाजूने एखाद्या अमेरिकन स्कूल डिस्ट्रिक्टच्या (एका भागातल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था) टेक्नॉलॉजी नाहीतर करिक्युलम ऑफिसात जॉईन झाला असाल, तर पहिले काही महिने सगळ्यात जास्त डोकं एकाच गोष्टीने फिरतं, की इथे निर्णय नक्की घेतो कोण. सही सुपरिटेंडंटची (डिस्ट्रिक्टचा प्रमुख अधिकारी), पैसे बिझनेस ऑफिसचे, डेटा आयटीवाल्यांच्या ताब्यात, आणि वापरायचं कोणी तर तिसरीच्या वर्गातल्या टीचरने, जिला या मीटिंगचं आमंत्रणच नव्हतं. मी दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवर बसलोय आणि माझं मत सरळ सांगतो, करार फसतात ते बहुतेक वेळा ज्याच्या डोक्यावर रोजचं काम पडणार होतं त्याला सहीच्या आधी कोणी विचारलंच नाही म्हणून. प्रॉडक्ट चांगलं असूनही. खालच्या पायऱ्या याच हिशोबाने लावल्यात, दोन्ही बाजूंना लागतील, फरक असेल तिथे सांगत जातो.

१) आधी समोर कोण आहे ते ओळखा

अमेरिकेत साधारण १३ हजार स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत आणि प्रत्येकाचा कारभार वेगळा. हवाईमध्ये अख्ख्या राज्याचं मिळून एकच डिस्ट्रिक्ट, तर टेक्ससमध्ये हजाराच्या वर. बातम्यांत न्यूयॉर्क सिटी आणि लॉस एंजेलिस दिसतात, पण बहुसंख्य डिस्ट्रिक्ट लहान असतात, काही हजार मुलं किंवा त्याहूनही कमी, आणि तिथला टेक्नॉलॉजी डायरेक्टर म्हणजे वायफाय, क्रोमबुकची दुरुस्ती, पासवर्ड रीसेट आणि राज्याला पाठवायचे रिपोर्ट हे सगळं ओढणारा एकटा माणूस. त्याने तुमच्या मेलला आठवडाभर उत्तर दिलं नाही तर त्याला इंटरेस्ट नाही असं समजू नका.

वरती स्कूल बोर्ड, बहुतेक ठिकाणी निवडून आलेलं, ते सुपरिटेंडंटला नेमतं. त्याखाली करिक्युलमची असिस्टंट सुपरिटेंडंट, बिझनेस ऑफिसर, टेक्नॉलॉजी डायरेक्टर, स्पेशल एज्युकेशन डायरेक्टर, मग शाळांचे प्रिन्सिपल. शिवाय टीचर्स युनियन, तिला विसरू नका, कारण ट्रेनिंगचे तास शाळेच्या वेळेबाहेर ठेवायचे तर ते युनियनच्या करारात बसतात का हा प्रश्न येतोच.

बोर्डाच्या मीटिंगचे अजेंडे आणि मिनिट्स डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर असतात, बरेचदा व्हिडिओसुद्धा. मागच्या वर्षभराचे वाचून काढा, फुकटात इतकी माहिती दुसरीकडे मिळत नाही, कुठलं सॉफ्टवेअर रिन्यू झालं, कुठल्यावर कोणता बोर्ड मेंबर चिडला, वाचनाचे स्कोअर कुठल्या शाळांत पडले, सगळं तिथे सापडतं.

मग एक कागद घ्या आणि पाच नावं लिहा. सही कोण करणार, पैसे कोण मंजूर करणार, डेटा कोण देणार, वर्गात कोण वापरणार, आणि काही बिघडलं तर पालकाचा फोन कोण उचलणार. पाचांपैकी एक जागा रिकामी राहिली तर ती भरेपर्यंत डेमो ठेवू नका. माझ्या अनुभवात रिकामी राहते ती तिसरी नाहीतर चौथी.

२) कॅलेंडर भिंतीवर लावा

बहुतेक राज्यांत डिस्ट्रिक्टचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपतं (टेक्ससमध्ये काहींचं १ सप्टेंबरपासून). बजेटची बोलणी हिवाळ्यातच चालू होतात, वसंतात बोर्डापुढे येतात, आणि नवीन वर्षाच्या पर्चेस ऑर्डर जुलैत निघतात. म्हणजे ऑगस्टमध्ये वर्गात दिसायला हवी असलेली गोष्ट आदल्या जानेवारी-फेब्रुवारीत कोणाच्या तरी यादीवर असायला लागते. कंपनीचा क्वार्टर कधी संपतो याच्याशी डिस्ट्रिक्टला काही घेणंदेणं नसतं, आणि "या महिन्यात सही केली तर डिस्काउंट" हे वाक्य तिथे ऐकून ऐकून लोकांना वीट आलाय.

वसंत ऋतूत राज्याच्या परीक्षा असतात. त्या काळात डिव्हाइसेस, नेटवर्क, लॅब आणि माणसं सगळं त्यातच अडकलेलं असतं, नवीन काहीही बसवायला जाऊ नका, अपडेटसुद्धा टाकू नका. आणि शाळा उघडण्याची तारीख सगळीकडे एक नसते, दक्षिणेकडे बऱ्याच ठिकाणी ऑगस्टच्या सुरुवातीलाच मुलं येतात आणि ईशान्येकडे लेबर डेनंतर, सप्टेंबरात. शाळेच्या पहिल्या आठवड्यात डिस्ट्रिक्टमधल्या कोणालाही मीटिंगचं आमंत्रण पाठवणारा व्हेंडर लक्षात राहतो, पण चांगल्या कारणासाठी नाही.

३) प्रॉब्लेम लिहून घ्या, एका पानात

ही पायरी डिस्ट्रिक्टने करायची, व्हेंडरने आग्रह धरायचा. "आम्हाला एआयचं काहीतरी हवंय" हा प्रॉब्लेम नाही. "सहावीत नव्याने इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना सायन्सचं पुस्तक वाचता येत नाही, चार मिडल स्कूलमध्ये, आणि टीचर स्वतः रात्री मजकूर सोपा करून देतायत" हा प्रॉब्लेम आहे, कारण यात कोण, कुठे, आणि आत्ता ते काम कोण करतंय हे तिन्ही आलं. शेवटचं तर फार महत्त्वाचं. नवीन टूल आल्यावर त्या टीचरचं कुठलं काम थांबणार आहे? काहीच थांबणार नसेल, नुसतं वरून एक लॉगिन वाढणार असेल, तर ते टूल ऑक्टोबरपर्यंत टिकत नाही.

त्याच पानावर आधीपासून काय आहे ते पण लिहा. एकाच कामाची दोन-तीन टूल्स वेगवेगळ्या शाळांनी वेगवेगळ्या पैशातून घेतलेली असतात आणि सेंट्रल ऑफिसला पत्ताही नसतो, हे इतकं कॉमन आहे की आधी यादी करायला लावा, मग नवीन बोला. आणि व्हेंडरला एक सल्ला, पान वाचून तुमचं प्रॉडक्ट बसत नसेल तर तसं सांगा. डिस्ट्रिक्टवाले एकमेकांशी खूप बोलतात, तुमचं प्रामाणिक "नाही" सुद्धा पुढच्या काउंटीत पोचतं.

४) पैसे कुठल्या खिशातून

"बजेट आहे का" विचारून उपयोग नाही, कुठलं बजेट ते विचारा, कारण प्रत्येक खिशाचे नियम वेगळे. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या पैशात ("टायटल" म्हणजे शिक्षण कायद्याचा एकेक भाग) टायटल वन गरीब मुलं जास्त असलेल्या शाळांसाठी, टायटल टू-ए मुख्यतः टीचर ट्रेनिंगसाठी, टायटल फोर-ए मध्ये टेक्नॉलॉजी बसते पण त्या टेक्नॉलॉजीच्या भागातले जास्तीत जास्त १५ टक्केच डिव्हाइस-सॉफ्टवेअरसारख्या गोष्टींवर घालता येतात, आयडीईए या कायद्याचे पैसे अपंगत्व असलेल्या मुलांच्या सेवांसाठी. ई-रेट ऐकून नवीन लोक खूश होतात, ९० टक्क्यांपर्यंत सूट वगैरे, पण ती इंटरनेट कनेक्शन आणि शाळेतल्या नेटवर्कसाठी आहे, तुमच्या लर्निंग ॲपला त्यातून पैसा मिळणार नाही.

कोविडच्या काळात एसर नावाच्या फेडरल मदतीतून तीन टप्प्यांत मिळून जवळपास १९० अब्ज डॉलर शाळांना आले आणि त्यातल्या शेवटच्या मोठ्या टप्प्याचे पैसे कशावर खर्चायचे ते करारात बांधून टाकायची मुदत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. त्या पैशातून घेतलेली कितीतरी सबस्क्रिप्शन नंतर जनरल फंडावर (डिस्ट्रिक्टच्या नेहमीच्या निधीवर) येऊन पडली, म्हणून आता प्रत्येक रिन्यूअलला "हे खरंच लागतं का" हा प्रश्न येतोय आणि यायलाच हवा. डिस्ट्रिक्टवाल्यांनो, तात्पुरत्या ग्रँटमधून काही घेत असाल तर ग्रँट संपल्यावर कुठल्या ओळीतून पैसे जाणार ते आत्ताच लिहून ठेवा.

५) खरेदीचा रस्ता, आणि आरएफपीच्या आधीची मेलबाजी

छोटी रक्कम असेल तर साधा कोट चालतो, त्यावर गेली की तीन कोट, आणखी वर गेली की आरएफपी (कंपन्यांकडून लेखी प्रस्ताव मागवणं) नाहीतर बिड (बोली), आणि ठरावीक आकड्यावर बोर्डाची मंजुरी. आकडे राज्यागणिक आणि डिस्ट्रिक्टगणिक बदलतात, पैसे फेडरल असतील तर फेडरल खरेदीचे नियम वेगळे लागतात, तेव्हा परचेसिंग ऑफिसला पहिल्याच आठवड्यात फोन करा. सोल सोर्स, म्हणजे दुसरं कोणी देतच नाही म्हणून थेट खरेदी, याला कागदोपत्री कारण लागतं आणि "आम्हाला हेच आवडलं" हे कारण धरत नाहीत. सोर्सवेल किंवा टिप्ससारख्या कोऑपरेटिव्हने आधीच स्पर्धा घेऊन केलेले करार असतात, त्यावरून खरेदी केली तर महिने वाचतात. बऱ्याच राज्यांत प्रादेशिक संस्था पण मध्ये असतात, न्यूयॉर्कमध्ये बोसीस, टेक्ससमध्ये ईएससी, पेनसिल्व्हेनियात इंटरमीजिएट युनिट, लहान डिस्ट्रिक्ट बरंच काही त्यांच्यामार्फतच घेतात.

आता सावध राहायची जागा. लॉस एंजेलिस युनिफाइडने २०१३ मध्ये प्रत्येक मुलाला आयपॅड द्यायची मोहीम काढली, ॲपलचं डिव्हाइस आणि त्यात पिअर्सनचा अभ्यासक्रम, वायफायसकट सगळा आवाका एक अब्ज डॉलरच्या वर गेला. मुलांनी सिक्युरिटी फिल्टर थोड्याच दिवसांत ओलांडले ही त्यातली गमतीची बाजू. पण २०१४ मध्ये बिडिंगच्या बऱ्याच आधीपासून वरचे अधिकारी आणि कंपन्यांमध्ये चाललेले मेल बाहेर आले, करार थांबवला गेला, एफबीआयने कागद नेले. पुढे त्यात कोणावर खटला झाला नाही, पण ती योजना काही उठली नाही. डिस्ट्रिक्टच्या कर्मचाऱ्याला तुम्ही पाठवलेला मेल हा बहुतेक राज्यांत पब्लिक रेकॉर्ड असतो, कोणीही पत्रकार तो मागू शकतो, त्यामुळे पेपरात छापून आला तर चालेल असाच लिहा.

आरएफपी निघण्याआधी बोलणं चुकीचं नाही. बाजारात काय आहे हे डिस्ट्रिक्टने विचारावं, सगळ्यांना विचारावं, आणि कोणाशी काय बोलणं झालं त्याची नोंद ठेवावी. व्हेंडरने आरएफपीचा मजकूर लिहून द्यायला जाऊ नये, तसं केलं तर त्याच बिडमधून तुम्हाला बाहेर काढलं जाऊ शकतं. आरएफपी निघाली की एकच दरवाजा, परचेसिंगने नेमलेला माणूस, बाकी सगळ्यांशी गप्प. जेवणं, कॉन्फरन्सची तिकिटं, हॉटेल, यावर राज्यांचे एथिक्सचे नियम असतात, समोरच्याला विचारायला लाजू नका.

६) डेटाचा करार, इथे घाई नको

माझ्या मते सगळ्या कामातला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि नेमका हाच शेवटच्या आठवड्यात ढकलला जातो.

कायद्यांची तोंडओळख. फर्पा, १९७४ चा, मुलांच्या शैक्षणिक नोंदींचा कायदा. पालकांची वेगळी परवानगी न घेता व्हेंडरला डेटा मिळतो तो बहुतेक वेळा याच्या "स्कूल ऑफिशियल" सवलतीखाली, आणि त्याच्या अटी आहेत, जे काम एरवी शाळेच्या माणसांनी केलं असतं तेच काम व्हेंडर करतोय, डेटावर थेट ताबा डिस्ट्रिक्टचा आहे, आणि ठरलेल्या कामाशिवाय दुसरीकडे तो वापरला जात नाही. कोपा, १९९८ चा, १३ वर्षांखालच्या मुलांकडून ऑनलाइन माहिती गोळा करण्याबद्दल. शाळा पालकांच्या वतीने संमती देऊ शकते पण फक्त शैक्षणिक वापरापुरती, जाहिराती-बिहिराती आल्या की नाही. आणि ही जबाबदारी शाळेवर ढकलून व्हेंडर सुटत नाही, २०२३ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने एडमोडो या एडटेक कंपनीवर कारवाई केली त्यात हाच एक मुद्दा होता. वर राज्यांचे कायदे वेगळे, कॅलिफोर्नियाचा सोपिपा, इलिनॉयचा सोपा, न्यूयॉर्कचा एज्युकेशन लॉ टू-डी, तिथे तर पालकांच्या हक्कांचं पत्रक करारालाच जोडावं लागतं.

एवढं वाचून घाबरू नका, कारण स्टुडंट डेटा प्रायव्हसी कन्सॉर्शियमने एनडीपीए नावाचा तयार करार बनवलेला आहे आणि बऱ्याच राज्यांत तोच चालतो. त्यात एक परिशिष्ट असतं, व्हेंडरने त्यावर सही केली की राज्यातलं दुसरं डिस्ट्रिक्टही त्याच अटींवर सामील होऊ शकतं, परत वाटाघाटी नाही. नवीन व्हेंडरने स्वतःच्या वकिलाचा चाळीस पानी मसुदा घेऊन भांडत बसण्यापेक्षा हे वाचावं, महिने वाचतील.

करारात डेटाचं शेड्युल म्हणून एक तक्ता असतो, कुठले फील्ड घेणार त्याचा. इथे आयटीचा माणूस, टीचर आणि व्हेंडरचा इंजिनिअर तिघं एकत्र बसायला हवेत आणि प्रत्येक ओळीवर एकच प्रश्न, हे नसेल तर काय अडेल? जन्मतारीख कशाला हवी, इयत्ता पुरते ना? घरचा पत्ता? लंच फ्री आहे की नाही, म्हणजे घरची कमाई कमी आहे का? बहुतेक वेळा इंजिनिअर म्हणतो "असू दे, पुढे लागेल", तिथे थांबवा. डिसेंबर २०२४ मध्ये पॉवरस्कूल या विद्यार्थ्यांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीचा डेटा चोरीला गेला, एका चोरलेल्या लॉगिनवरून सपोर्ट पोर्टलमधून लोक आत शिरले, आणि नंतर कळलं की कितीतरी ठिकाणी वर्षानुवर्षांपूर्वी शाळा सोडलेल्या मुलांचा डेटासुद्धा तिथेच पडून होता. कंपनीने खंडणी दिली, तरी २०२५ च्या मे महिन्यात काही डिस्ट्रिक्टना परत धमक्या आल्या. तिथे नसलेला डेटा चोरीला जात नाही, म्हणून काय घेणार याच्या इतकंच कधी पुसणार हेही लिहा.

पालकांना सांगणं हा कायद्यापलीकडचा भाग आहे. इनब्लूम नावाचा प्रकल्प, गेट्स फाउंडेशन आणि कार्नेगीचे मिळून साधारण १० कोटी डॉलर, राज्यांचा विद्यार्थी डेटा एका जागी आणायचा, २०१३ ला सुरू झाला आणि २०१४ च्या एप्रिलमध्ये बंद करायची घोषणा झाली. पालकांना आपल्या मुलांचं काय जातंय, कुणाकडे, कशासाठी, हे पटेल असं कोणी सांगितलंच नाही आणि एकेक राज्य बाहेर पडत गेलं. तुमचं टूल छोटं असलं तरी साध्या भाषेत एक पान तयार ठेवा, इंग्रजी आणि स्पॅनिश निदान, आणि डिस्ट्रिक्टमध्ये ज्या भाषा बोलतात त्यात.

७) ॲक्सेसिबिलिटी

म्हणजे अपंग मुलांनाही टूल वापरता यावं, इथे थोडक्यात. एप्रिल २०२४ मध्ये न्याय खात्याने एडीए, म्हणजे अपंगांच्या हक्कांचा कायदा, त्याच्या टायटल टू खाली नियम काढला आणि सरकारी संस्थांच्या वेब आणि मोबाइल ॲपसाठी डब्ल्यूसीएजी या मानकांचं २.१ लेव्हल एए हे माप ठरवलं, पब्लिक (सरकारी) शाळा त्यात येतात, व्हेंडरकडून घेतलेलं सॉफ्टवेअरही येतं. व्हेंडरकडून वीपॅट (प्रॉडक्ट ही मानकं किती पाळतं याचा रिपोर्ट) मागा, पण त्यावर थांबू नका, कीबोर्डने आणि स्क्रीन रीडरने एक पूर्ण धडा तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. वीस मिनिटांत खरं-खोटं कळतं.

८) पायलट: संपायची तारीख नसेल तर तो पायलट नाही

पायलट म्हणजे छोट्या प्रमाणावर चाचणी, डिस्ट्रिक्टला त्यातून एका प्रश्नाचं उत्तर हवंय. प्रश्न आधी लिहा, तो तिसऱ्या पायरीच्या पानावरूनच येतो. मग कुठल्या शाळा, कुठले वर्ग, किती आठवडे, आठवड्याला किती वेळ, कोण बघणार, आणि काय दिसलं तर घेणार, काय दिसलं तर सोडणार, हे सुरू व्हायच्या आधी. नंतर ठरवलं की प्रत्येक जण आपल्याला हवं तेच बघतो.

फक्त हौशी टीचर घेऊ नका. उत्साही टीचरच्या हातात कुठलंही टूल चालतं, तुम्हाला कळायला हवं की ज्या टीचरला यात रस नाही, जिच्याकडे सहा सेक्शन (तुकड्या) आहेत आणि वायफाय धड नाही, तिच्याकडे काय होतं. आणि हो, पायलट फुकट असला तरी मुलांचा डेटा फुकट नाही, सहाव्या पायरीचा करार आधी सही व्हायलाच हवा. पायलटमधल्या टीचरना त्यांच्या वेळेचे पैसे पण द्या, स्टायपेंड म्हणून, डिस्ट्रिक्टनेच.

९) रोस्टर (कोण कुठल्या वर्गात याची यादी), जिथे सगळं अडतं

सगळ्या सह्या झाल्या, प्रेस रिलीज निघालं, आणि शाळेच्या पहिल्या दिवशी टीचरने लॉगिन केलं तर वर्गात मुलंच नाहीत. हे इतक्या वेळा होतं की याच्यासाठी वेगळा प्लॅन लागतो.

मुलं, टीचर, वर्ग ही माहिती एसआयएसमध्ये (विद्यार्थ्यांच्या नोंदींची सिस्टिम) असते, पॉवरस्कूल, इन्फिनिट कॅम्पस, स्कायवर्ड वगैरे. तिथून ती वनरोस्टर या ठरलेल्या फॉरमॅटमध्ये सीएसव्ही फाइल किंवा एपीआयने (दोन सिस्टिममधला थेट जोड) निघते, बरेचदा क्लेव्हर किंवा क्लासलिंक या याद्या आणि लॉगिन पोचवणाऱ्या सेवा मध्ये असतात, आणि तुमच्याकडे सहसा रात्री सिंक होते. कागदावर सोपं आहे. खरं काय होतं तर जुलैत एसआयएसचं नवीन वर्ष फिरवतात तेव्हा जुने वर्ग बंद होतात आणि नवीन टाइमटेबल शाळा उघडायच्या अगदी आदल्या आठवड्यापर्यंत पक्कं नसतं, मग मुलं पहिले दोन आठवडे एका सेक्शनमधून दुसऱ्यात उड्या मारत असतात. स्पेशल एज्युकेशनची टीचर पाच वर्गांत जाते पण एसआयएसमध्ये ती त्या वर्गांची टीचर नसते, म्हणजे तिला तिचीच मुलं दिसत नाहीत. लॉंग टर्म सबस्टिट्यूटचं तर अकाउंटच नसतं. एखाद्या मुलाचं नाव बदललं की ईमेल बदलतो आणि तुमची सिस्टिम ईमेललाच ओळख मानत असेल तर त्या मुलाचं मागचं सगळं काम गायब.

यावर उपाय करायचे असतात जूनमध्ये. डिस्ट्रिक्टच्या डेटा मॅनेजरला शोधा, ज्या माणसाचं नाव डेमोला कधीच नसतं, आणि त्याच्याबरोबर तासभर बसा. कुठला आयडी कायम राहतो? को-टीचर कसे टाकता? टर्मच्या तारखा कुठे? मग एका छोट्या शाळेचा टेस्ट सिंक करून खऱ्या टीचरला लॉगिन करायला लावा. चुकीची नोंद दिसली तर ती एसआयएसमध्येच दुरुस्त करायची, व्हेंडरच्या बाजूला हाताने नाही, नाहीतर रात्रीचा सिंक ती परत पुसून टाकतो आणि सकाळी तीच टीचर परत फोन करते. हे एक वाक्य दोन्ही टीमच्या भिंतीवर लावलं तरी चालेल.

शाळा उघडल्यावर पहिले दोन आठवडे व्हेंडरचा नाव ठरलेला एक माणूस फोनवर पाहिजे, तिकीट सिस्टिम नको. सकाळी सातला. अमेरिकेच्या टाइम झोनप्रमाणे सातला, हे भारतात बसलेल्या टीमसाठी मुद्दाम.

१०) ट्रेनिंग

शाळा सुरू व्हायच्या आधी टीचरना पीडीचे (टीचरच्या प्रशिक्षणाचे) दोन-चार दिवस असतात आणि त्यावर सगळ्यांचा डोळा असतो, आग लागली तर काय करायचं इथपासून नवीन गणिताच्या पुस्तकापर्यंत. तुम्हाला पाऊण तास मिळेल. त्यात सगळी फीचर्स दाखवू नका, उद्याच्या वर्गात करायची एक गोष्ट त्यांच्या स्वतःच्या अकाउंटवर, स्वतःच्या मुलांची यादी समोर ठेवून करून घ्या (म्हणजे नववी पायरी झालेली असायला हवी). खरं ट्रेनिंग सहा आठवड्यांनी होतं, तेव्हा प्रश्न खरे असतात. ते सेशन करारातच लिहून घ्या, नाहीतर कोणी येत नाही. आणि प्रिन्सिपलला वेगळं भेटा, कारण शाळेत काय वापरलं जाईल हे तिच्या चालण्याबोलण्यावर ठरतं, सेंट्रल ऑफिसच्या मेलवर नाही.

११) चाललंय का, हे बघायचं कसं

महिन्यातून एकदा अर्धा तास, दोन्ही बाजूंचे तेच लोक, आणि त्यात एक टीचर. लॉगिनचा आकडा दाखवून खूश करायचं नाही. किती मुलांना लायसन्स दिलं, त्यातल्या किती जणांनी ठरल्याएवढा वापर केला, आणि केलेल्यांचं पुढे काय झालं, हे तीन आकडे वेगवेगळे सांगा. "आमच्या टूलने स्कोअर वाढतो" म्हणणारे बरेच अभ्यास फक्त पुरेसा वापर केलेल्या मुलांवर असतात, आणि ती मुलं एरवीही पुढे असण्याची शक्यता असते. २०१५ च्या एस्सा या फेडरल शिक्षण कायद्यात पुराव्याच्या चार पातळ्या आहेत, वरची नीट प्रयोग करून मिळालेली आणि चौथी म्हणजे फक्त "हे चालायला हवं" असं तर्काने मांडलेलं. ब्रोशरवर "एस्सा एव्हिडन्स" एवढंच असेल तर कुठली पातळी ते विचारा, चौथी असेल तर लाज नाही पण ते सांगावं.

हल्ली आउटकम बेस्ड करार हा प्रकार आलाय, पैशाचा काही भाग मुलांच्या निकालावर अवलंबून, टेक्ससमधलं एक्टर काउंटी आणि फ्लोरिडातलं ड्युव्हल काउंटी यांनी ट्यूटरिंगसाठी करून पाहिलेत. मला त्यातली आवडलेली गोष्ट म्हणजे पैसे नाहीत, तर त्यात डिस्ट्रिक्टलाही लिहून द्यावं लागतं की मुलांना आठवड्यात इतके वेळा, इतकी मिनिटं आम्ही खरंच बसवू. साध्या करारातसुद्धा ही दुतर्फी ओळ घालता येते, काहीही खर्च नाही.

१२) बाहेर पडायचा रस्ता, आत शिरतानाच

लॉस एंजेलिसने मार्च २०२४ मध्ये एड नावाचा एआय चॅटबॉट मोठ्या थाटात आणला, बनवणारी कंपनी ऑलहिअर, आणि जूनमध्ये त्या कंपनीने बहुतेक कर्मचाऱ्यांना घरी बसवल्याची बातमी आली. असं छोट्या कंपनीचं होऊ शकतं, म्हणून छोट्या कंपनीशी काम करूच नका असं मी म्हणणार नाही, चांगल्या कल्पना बरेचदा तिथूनच येतात. पण पैसे एकदम न देता टप्प्याटप्प्याने द्या, कंपनी विकली किंवा बुडाली तर डेटाचं काय हे लिहा, आणि मुलांचं काम उघडता येईल अशा फॉरमॅटमध्ये परत मिळेल हे लिहा. अनेक वर्षांचा करार असेल तर पुढच्या वर्षी बोर्डाने निधी मंजूर केला नाही तर दंड न भरता सुटता येईल हे कलम डिस्ट्रिक्टला लागतंच, व्हेंडरने त्यावर वेळ घालवू नये, ते निघत नाही. ऑटो रिन्यूअल मात्र काढून टाका.

रिन्यूअलचा निर्णय जानेवारीत घ्या, पहिल्या पायरीची पाच माणसं एका खोलीत बसवून, तिसऱ्या पायरीचं ते पान समोर ठेवून. नाही म्हणायचं ठरलं तर व्हेंडरला तेव्हाच सांगा, जूनमध्ये नाही, त्यांनाही माणसांची सोय बघायची असते. मग ३० जूनला अकाउंट बंद, एक्सपोर्ट घेतला का ते डेटा मॅनेजरने तपासायचं, करारातल्या मुदतीत डेटा पुसल्याचं लेखी सर्टिफिकेट व्हेंडरने द्यायचं, बॅकअपमधला पण, आणि एसएसओच्या (एकाच लॉगिनने सगळी ॲप उघडणाऱ्या) पानावरून तो आयकॉन काढायला विसरू नका, नाहीतर सप्टेंबरात मुलं त्यावर क्लिक करत राहतात आणि फोन परत आयटीला.